कार्बन पोचले, गाठी फुटली

स्टुटगार्ट,
रविवार, दुपार

ती. आई आणि ती. बाबा यांस,


पार्सल मिळालं. मिक्सर चालू झाला. शॉक बसलेला नाही. परवा फोनवर यातली एकही गोष्ट आईनं मला पुरी सांगू दिली नाही. ‘प्लग काढला होतास का’, ‘पायात चप्पल होती का’, ‘जावईबापू घरात होते का’ यांच्या मधे मला तोंड घालायला फट मिळेना. म्हणून पत्र. पत्राला मधेच तोडता येत नाही, आणि बाबांना ते जेवणानंतर चष्मा पुसून पुन्हा वाचता येतं. तर आई, तुझे जावईबापू, म्हणजे श्री, घरात होते. ते दाराशी उभे राहून ‘नवीन घेऊन टाकू का’ म्हणत होते. त्यांचा उपयोग तेवढाच.

आधी पार्सलचं सांगते. भडंग उत्तम आलं. लसूण जरा जास्त पडलाय, म्हणजे नानाकाका पुढ्यात बसून सूचना देत होते. मेतकूट आलं. थालीपिठाची भाजणी आली. गाठी मात्र फुटली, आणि पाडवा होऊन गेल्यावर फुटलेली पोचली. गुढीच्या गळ्यात काय घातलं ते विचारू नका. बरं, विचारा. इथे अस्वलाच्या आकाराच्या रंगीत चिकट गोळ्या मिळतात, त्यांची माळ आमच्या ईशाननं ओवली. स्टुटगार्टात आमच्या गच्चीवर यंदा गुढीनं अस्वलं घातली. कडुनिंबाऐवजी काय होतं ते मात्र खरंच विचारू नका. फुटलेल्या गाठीची साखर ईशान चमच्यानं खातो आणि त्याला ‘आजीचा खडू’ म्हणतो.

पार्सल घरी आलं नाही, आम्हीच त्याच्या घरी गेलो. कस्टमची चिठ्ठी आली, की येऊन आमच्यासमोर उघडा. इथे भेट म्हणून आलेल्या पार्सलला ४५ युरोपर्यंत जकात नसते, पण आत काय आहे ते बघायचा हक्क त्यांचा. बाबांनी फॉर्मवर सुवाच्य अक्षरात ‘होममेड फूड अँड मोटर पार्ट्स’ असं लिहिलेलं. खाणं आणि मोटर एका खोक्यात म्हटल्यावर कुठलाही साहेब खुर्चीतून उठणारच. त्यानं हातमोजे चढवले आणि मेतकुटाची पिशवी चाचपली. आत काहीतरी कडक लागलं. पिशवी उघडली, दोन बोटं घातली, आणि पिवळ्या पिठातून स्प्रिंग लावलेल्या दोन काळ्या कांड्या, म्हणजे मिक्सरचे कार्बन, बाहेर काढल्या. बाबा, मेतकुटात का? मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. ‘हादरे बसू नयेत म्हणून.’ त्या साहेबालाही मी तेच सांगितलं. तो शिंकला, सावरला, कांडी उजेडात धरली आणि म्हणाला, माझ्या ड्रिलचेही असेच संपलेत, कुठे मिळतात? मी म्हटलं, हरभट रोडला. जोडी ऐंशी रुपये. त्यानं ते युरोत करून बघितलं, आणि बराच वेळ काही बोलला नाही.

आता शुभामावशीला कुणीतरी समजवा. तिनं ‘तिकडं पोरीचा सुमीत जळला’ असं गावभर केलंय. आपला सुमीत नव्हे मावशी, तो आईच्या ओट्यावर आहे आणि आपल्या सगळ्यांच्या नंतरही असेल. हा उभा मिक्सर. खाली बैठक, वर मोटरीचं डोकं, त्यातून एक आकडा खाली भांड्यात उतरतो. तो स्वतःभोवतीही फिरतो आणि भांड्याच्या कडेकडेनंही. कणीक, उकड, लोणी, केक सगळं करतो. आई, ‘हात काय झालेत’ हा प्रश्न तू विचारलेला आहेस, त्याचं उत्तर मीही दिलेलं आहे. इथल्या मराठी मंडळाच्या होळीला साठ पोळ्यांची कणीक माझ्याकडे होती, आणि बाकीच्या बायकांनी कोशिंबीर आणि पापड उचललेले होते.

तो नेमका आदल्या शनिवारी संध्याकाळी बंद पडला. अर्धी कणीक मळून झाली आणि गप्प. इथली शनिवार संध्याकाळ म्हणजे काय ते तुम्हांला सांगलीत बसून कळायचं नाही. त्यानंतर सोमवार सकाळपर्यंत या देशात काही घडत नाही. दुकानं बंद. बरं, ही नुसती पद्धत नव्हे. रविवार हा विश्रांतीचा दिवस आहे आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे, असं १९१९ च्या त्यांच्या वायमार राज्यघटनेत लिहिलं, आणि १९४९ च्या नव्या घटनेत १४० व्या कलमानं ते जसंच्या तसं ठेवलं. मधे केवढं महायुद्ध झालं, राजवटी गेल्या, देशाचे तुकडे झाले, रविवार हलला नाही. नानाकाकांना सांगा, दुपारची झोप घटनेत घालणारा देश आहे, त्यांनी यावं.

घटना दुकानांचं बघते, घरातलं आमच्या इमारतीची नियमावली बघते. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. दुपारी एक ते तीन शांतता. रविवारी दिवसभर शांतता. ड्रिल नाही, व्हॅक्यूम नाही, बाटल्या काचेच्या पेटीत टाकायला जायचं नाही, कारण फुटताना वाजतात. मिक्सरचं नाव लिहिलेलं नाही, पण खालच्या मजल्यावरच्या आजींच्या मते ‘इत्यादी’मध्ये तो येतो. गुड फ्रायडेला तर या राज्यात सार्वजनिक ठिकाणी नाचायलासुद्धा बंदी असते. श्रीला मी म्हटलं, तुम्ही तसेही नाचत नाही, तुम्हांला इथलं नागरिकत्व लगेच मिळेल.

तर शनिवारी रात्री उरलेली कणीक मी हातानं घेतली. हात आवाज करत नाहीत, असं मला वाटत होतं, पण पुरणाच्या कणकेला नुसतं मळून भागत नाही. तेल लावून तिंबायची, ताणायची, ओट्यावर आपटायची. अकराच्या सुमाराला बेल वाजली. खालच्या आजी, गाऊनवर कोट घालून, हातात नियमावली. मी कणकेचा गोळा घेऊनच दार उघडलं. त्यांनी गोळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बोटानं दाबून बघितला आणि म्हणाल्या, अजून पंधरा मिनिटं लागतील. आणि खाली गेल्या. रविवारी मी त्यांना दोन पोळ्या तूप लावून नेऊन दिल्या. त्या आजी पुढे पुन्हा येणार आहेत, लक्षात ठेवा.

थांबा जरा. जिना झाडून येते. दारावर पाटी लटकलीय, म्हणजे या आठवड्याची पाळी आमची. पाळी संपली की पाटी काढून शेजाऱ्याच्या दारावर लावायची. ही इथली फार जुनी रीत, लोक तिचं मूळ थेट पंधराव्या शतकातल्या एका सरदारापर्यंत नेतात. आई, तुला हा गाव आवडेल. वहिनीला नाही.

आले. तर दुरुस्ती.

सोमवारी दुकानात फोन केला. बाई म्हणाल्या, यंत्र आणून द्या, तपासून अंदाज सांगू. तपासायचे ६९ युरो. दुरुस्तीचे वेगळे, सुट्या भागाचे वेगळे. अंदाज ऐकून नको म्हणालात तरी ६९ आमचेच. बाबा, बसून वाचा. ६९ युरो म्हणजे जवळजवळ सात हजार रुपये, आणि तेही नुसते बघायचे! मला बघायला श्रीच्या घरून सात माणसं आली होती, त्यांनीसुद्धा वर पोहे खाऊन फुकट बघितलं होतं. आत्याबाईंनी तर दोनदा घेतले.

नवा मिक्सर साडेतीनशे-चारशे युरोला येतो. म्हणजे बघायचे सत्तर, तासाचे ऐंशी, भागाचे वेगळे, असा हिशेब माणूस करतो आणि नवा घेतो. जुन्यात बिघाड काय होता हे कुणालाच कधी कळत नाही. एक दोन सेंटिमीटरची कांडी झिजलेली असते आणि सगळं यंत्र तळघरात जातं. युरोपच्या संसदेनं २०२४ साली याच्यावर कायदा केलाय, की कंपन्यांनी वस्तू वाजवी दरात दुरुस्त करून द्यायच्या. मी यादी शोधून वाचली. वॉशिंग मशीन आहे, फ्रिज आहे, फोन आहे, व्हॅक्यूम क्लीनरसुद्धा आहे. मिक्सर नाही. यादी करणाऱ्यांत साठ पोळ्यांची कणीक अंगावर घेतलेली बाई नव्हती.

बरं, टाकून द्यावा म्हटलं तर कचऱ्यात टाकता येत नाही, विजेची वस्तू आहे. मोठ्या दुकानांना जुनी यंत्रं परत घ्यावीच लागतात, पण नवं काही विकत न घेता द्यायचं असेल तर वस्तूची कुठलीही बाजू २५ सेंटिमीटरहून मोठी नको. मी पट्टी लावली. मिक्सर ३५ भरला. म्हणजे एक तर नवा घ्या नाहीतर गावाबाहेरच्या पालिकेच्या केंद्रावर नेऊन द्या. किलोच्या भावानं घेऊन वर लसूण देणारा आपला भंगारवाला इथे आला तर मंत्री होईल.

म्हणून बाबांना व्हिडिओ लावला. आई, तू मागून ‘अगं राहू दे’ म्हणत होतीस त्यामुळे तुला नीट कळलेलं नाही, आता क्रमानं वाच.

बाबांनी आधी मिक्सरला हात लावू दिला नाही. त्याच बोर्डात टेबल लॅम्प लावून बघायला सांगितलं. लागला. म्हणजे वीज येतेय. मग पेटीतला स्विच पडलाय का बघितला. नव्हता. मग डोकं खाली दाबून खटका बसलाय का, कारण काही मिक्सर डोकं नीट बसल्याशिवाय सुरूच होत नाहीत. बसला होता. मग वेगाचा दांडा शून्यावर आणून पुन्हा पुढे, कारण काहींना मधेच वीज गेली की शून्य दाखवल्याशिवाय ते हलत नाहीत. तेही झालं. मग, ‘तापलावता का?’ तापला होता. घट्ट कणकेनं मोटर तापली की आतला एक खटका स्वतःच वीज तोडतो आणि गार झाल्यावर जोडतो. पण रात्रभर गार होऊनही गप्पच होता. एवढं सगळं झाल्यावर बाबा म्हणाले, ‘आता प्लग काढ.’ काढला. ‘दाखव.’ प्लग कॅमेऱ्यासमोर धरला. ‘वायरीचं दुसरं टोक कुठं जातंय ते दाखव.’ आई, आता तरी पटलं?

‘बंद पडताना घूं असा आवाज होता का गपकन गेला?’ गपकन. तर म्हणाले, घूं आला असता तर मोटर जिवंत आणि पुढं कुठंतरी अडकलंय असं धरायचं. मोटर फिरती आणि आकडा थांबला असता तर गिअर गेला. मग गिअरचं ऐकवलं. अशा काही यंत्रांत एक दातेरी चाक मुद्दाम बाकीच्यांपेक्षा मऊ ठेवतात. भार फार झाला की त्याचे दात जातात आणि मोटर वाचते. ते बदलायचं, पुन्हा ग्रीस भरायचं, झालं. यावर आई, तू मागून म्हणालीस, ‘म्हणजे ह्या घरात मी.’ बाबा ऐकू न आल्यासारखं करून ग्रीसबद्दल बोलत राहिले. ते रेकॉर्ड करायला हवं होतं.

मग मुख्य प्रश्न. ‘गेले काही दिवस थाप मारली की चालायचा का?’ मी श्रीकडे बघितलं. श्री छताकडे बघायला लागले. थाप मारायचं काम त्यांचं होतं, आणि त्यांना वाटत होतं ते हाताचं कसब आहे. नानाकाकांच्या स्कूटरनंतर या घराण्यात थापेवर चालणारी ही दुसरी वस्तू. बाबा लगेच म्हणाले, ‘कार्बन संपलेत. दुसरं काय नाय.’

मोटरीच्या दोन बाजूंना दोन काळी आट्याची टोपणं. एरवी ती शोभेची वाटतात. चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं उघडली की आत स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या टोकाला कार्बनची चौकोनी कांडी. फिरणाऱ्या तांब्याला ती दोन्हीकडून टेकून राहते आणि वीज आत पोचवते. घासून घासून झिजते. सहा मिलिमीटरच्या खाली गेली की बदलायची. डावीकडची काढली, ईशानच्या कंपासपेटीतली पट्टी लावली, चार. स्प्रिंग पूर्ण मोकळी होऊनही तांब्यापर्यंत पोचत नव्हती. थाप मारली की क्षणभर टेकायची. उजवीकडची अजून बरी होती, पण बाबांनी सांगितलं, बदलताना जोडीनंच बदलायच्या. बोटं काळी झाली, आणि त्या काळ्याचा वास आला, जळका, धातूचा. बाबा किर्लोस्करवाडीहून संध्याकाळच्या गाडीनं यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला यायचा तो. मी जरा वेळ हात धुतले नाहीत.

अस्सल कार्बन इथून मागवायचे तर जोडी बावीस युरो, पाठवणावळ वेगळी, आणि आमचं मॉडेल बंद झालेलं, म्हणजे बसतील याची खात्री नाही. बाबा म्हणाले, ‘वहीवर काढ, मापं लिही, फोटो टाक. व्होल्टेज आपलंच आहे, २३०. काय अडत नाय.’ न्यू जर्सीच्या चिंगीताईचं अडतं. तिच्याकडे १२० व्होल्ट. भारतातून नेलेल्या मिक्सरला तिला ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, तो मिक्सरहून जड. आम्ही वजनानं तरी सुखी.

आणि सुमीतची गोष्ट बाबांनी त्या फोनवरही सांगितलीच. ऐकलेली असली तरी ईशानसाठी ऐकली. मुंबईत सीमेन्समध्ये इंजिनिअर असलेले माथुर, त्यांच्या बायकोचा जर्मन मिक्सर आपल्या ओल्या वाटणापुढे जळाला, दुरुस्त होईना, म्हणून त्यांनी स्वतः दणकट मोटरचा मिक्सर बनवला आणि १९६३ पासून सुमीत सुरू झाला. ईशान म्हणाला, मग आता आजोबांनी जर्मनीच्या मिक्सरला भाग पाठवला तर फिट्टंफाट झाली. पोरगा आमचाच.

आता तुमच्या बातम्यांची उत्तरं, नाहीतर आई म्हणेल हिला मिक्सरशिवाय काही दिसत नाही.

शुभामावशीच्या सोनूचा साखरपुडा हॉलवरून अडलाय हे वाचून हसू आलं. मुलाकडच्यांना एसी हवा आणि मावशीला नदीची हवा. मावशीला म्हणावं, एप्रिलात कृष्णेची हवा घेऊन दाखव. शेजारच्या अण्णांनी शेवग्याचं झाड पाडलं हे वाईट झालं. त्या झाडाच्या शेंगा आपल्या बाजूला पडायच्या म्हणून पाडलं असेल तर फारच वाईट झालं. हळदीला भाव चांगला आहे तर बाबूमामानं विकून टाकावी, मागच्या वेळी ‘अजून चढंल’ म्हणत ठेवली आणि नंतर घरातल्या सगळ्यांना वर्षभर हळदीचं दूध पाजलं. दादाचं ‘पुण्याला या, फ्लॅट मोठा आहे’ चालू असेलच. त्याला सांगा, लिफ्ट बंद पडली की बाबा लिफ्टची पेटी उघडतील आणि सोसायटीची मीटिंग बोलवावी लागेल. आयर्विन पुलावर संध्याकाळी फिरायला जाणं सोडू नका, गुडघा दुखला तर अर्ध्यातून परत या.

बरं, खालच्या आजी. पोळ्या खाल्ल्यावर त्यांनी चर्चच्या सभागृहातल्या रिपेअर कॅफेचा पत्ता दिला. ही कल्पना मूळची अ‍ॅमस्टरडॅमची, २००९ साली मार्टीन पोस्टमा नावाच्या बाईंनी सुरू केली, आता गावोगावी आहे. महिन्यातून एखादा शनिवार निवृत्त म्हातारे हत्यारं घेऊन बसतात, आपण बंद पडलेली वस्तू न्यायची, कॉफी आणि केक घ्यायचा, दुरुस्ती फुकट, डब्यात वाटेल ते टाकायचं. आधी कागदावर सही, की काही बिघडलं तर तुमची जबाबदारी. आणि वस्तू ठेवून निघून जायचं नाही, शेजारी बसायचं. शक्यतो स्क्रू आपणच फिरवायचा.

माझ्या वाट्याला आलेले आजोबा मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कानाला यंत्र, खिशाला चार पेनं. त्यांनी सांगलीचे कार्बन बघितले आणि मान हलवली. जाडीला थोडे मोठे. मी बाबांची चिठ्ठी काढली: ‘किंचित मोठे आहेत. बारीक पॉलिश पेपर सपाट जागी ठेवून त्यावर घासणे. चारही बाजू सारख्या. खोबणीत सैल सरकले पाहिजेत, डुगडुगता कामा नयेत.’ मी जर्मनमध्ये वाचून दाखवली. आजोबांनी विचारलं, हे कुणी लिहिलं? मी फोन लावला.

बाबा, त्या अर्ध्या तासात तुम्ही दोघं काय बोलत होतात? तुम्ही मराठीत, ते श्वाबी जर्मनमध्ये. मी भाषांतर करायला बसले होते, माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. साखरेच्या बरणीला टेकवलेल्या फोनसमोर ते कांडी घासायचे, वर धरायचे, तुम्ही ‘अजून’ म्हणायचा, ते पुन्हा घासायचे. तांब्यावरची काजळी साफ करायला त्यांनी पातं उचललं तर तुम्ही इथपर्यंत ऐकू येईल असे ‘ओ ओ ओ’ ओरडलात आणि त्यांनी निमूट ठेवून कापड घेतलं. नवे कार्बन बसल्यावर भांडं न लावता, हळू वेगानं थोडा वेळ मोकळाच फिरवला, म्हणजे ते तांब्याच्या गोलाईला घासून बसतात. सुरुवातीला खिडकीतून निळ्या ठिणग्या दिसत होत्या, मग कमी झाल्या. आजोबांनी वायर मापून सुरक्षिततेची चाचणी केली, चिकटपट्टी लावली. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. इथे कुठलीही वस्तू सुरू झाली की वाजवतात.

तेव्हा एक गोष्ट दिसली ती लिहिते. तुम्ही बोलता बोलता टेबलावरचा टेस्टर उचलायला हात पुढे केलात, तुमच्या टेबलावरचा, आणि हात थरथरला, आणि तुम्ही तो खाली घेऊन मांडीवर ठेवलात. फोन आईनं धरला होता, तिनं पटकन तुमचा चेहरा तेवढा दाखवला. मला दिसलं. इथून सात हजार किलोमीटरवरून मिक्सर दुरुस्त होतो पण तेवढा टेस्टर उचलून तुमच्या हातात देता येत नाही, याचा फार राग आला. तो राग मी त्या रात्री कणकेवर काढला. मिक्सरनं मळलेल्या.

म्हणून आई, तुझ्या पत्रातल्या ‘यांची हत्यारांची पेटी भंगारात देऊन टाकते, नुसती जागा अडवते’ या ओळीवर माझी हरकत आहे, आणि ती तू आजच लिहून घे. पेटी द्यायची नाही. पान्हे, पक्कड, ते लाकडी मुठीचे स्क्रू ड्रायव्हर, खिळ्यांचे श्रीखंडाचे डबे, काहीही नाही. बाबांना पकडता येत नसेल तर बाबूमामाच्या पोराला समोर बसव, बाबा सांगतील, तो फिरवेल. माझ्या बाबतीत चाललंच की. दिवाळीला येऊ तेव्हा मी पेटीतलं निम्मं घेऊन येणार आहे, उरलेलं निम्मं तिथेच राहील, म्हणजे भांडायला कारण राहील. दादानं ‘पुण्यात जागा नाही’ म्हटलं तर त्याचं ते पायांखाली पळणारं पट्ट्याचं यंत्र आधी काढायला सांग, त्यावर तो फक्त टॉवेल वाळवतो.

श्री सांगतायत की आता पुन्हा थाप मारायची गरज पडणार नाही याचं त्यांना वाईट वाटतंय. त्यांना कणीक मळायला बसवते आहे, हातानं, कारण आज रविवार आहे आणि मिक्सर घटनेनं बंद आहे.

बाबा, पुढच्या पार्सलात कार्बनची अजून एक जोडी टाका, कस्टमच्या साहेबाच्या ड्रिलचं माप सोबत लिहिलंय. मेतकुटातच ठेवा. त्यानं तो वास ओळखीचा करून घेतलाय.

तुमची,
बेबी

ता. क. ईशानला स्वतः लिहायचं आहे:

आजोबा, मी ईशान. आईनं स्वयंपाकाच्या वजनकाट्याचं सांगितलं नाही. तो मी उघडला आहे. चालू होता, पण आत काय आहे ते बघायचं होतं. आता दोन स्क्रू उरले आहेत आणि तो मला नेहमी ११ ग्रॅम म्हणतो. कुणाला सांगू नका. फोन करा, पण आई ऑफिसला गेल्यावर. प्लग नाही, सेल आहेत, ते काढून ठेवले आहेत.